म्हातारं मांजर : खाणं आणि शी-शू

• साधारण ११ वर्षांपुढचं मांजर ज्येष्ठ, १५ पुढचं अतिवृद्ध.

• शी-शूच्या ट्रेबाहेर शू ही खोड नव्हे. बहुधा सांधेदुखी किंवा मूत्रपिंडाचा आजार. आत शिरणं सोपं जावं म्हणून ट्रेची एक कड तीन-चार बोटंच उंच ठेवावी.

• ट्रेमध्ये वारंवार कुंथणं बद्धकोष्ठासारखं दिसतं. पण बोक्याची लघवी तुंबली असेल, तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा.

• वास कमी येतो, म्हणून भूक मंदावते. ओलं अन्न कोमट करून (सुमारे ३८ अंश सेल्सिअस), उथळ बशीत, थोडंथोडं द्यावं. चवीसाठी कांदा-लसणाचा रस्सा घालू नये; तो विषारी.

• दोन-तीन दिवस उपास घडला, तर यकृतात चरबी साचू लागते.

• सांधेदुखीवर पॅरासिटामॉल देऊ नये; ते मांजरासाठी जीवघेणं.