जिनिव्हा की मॉस्को?

नारायण मल्हार जोशी मूळचे कुलाबा जिल्ह्यातले, म्हणजे आजच्या रायगडमधल्या गोरेगावचे. जन्म १८७९ चा. १९१९ च्या अखेरीस वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषद पहिल्यांदा भरली, तेव्हा हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून तेच गेले. जगासाठी तिथं आठवड्याला ४८ तास ठरले, हिंदुस्थानासाठी मात्र ६०. कायद्यानं तोवर गिरणीत रोज बारा तास राबवून घेता येत होतं, त्यामुळे ६० तासही कमाईच होती. पण जोशींना सरकारनं परस्पर नेमलं होतं. परिषदेच्या नियमाप्रमाणे प्रतिनिधी सर्वांत प्रातिनिधिक संघटनेच्या संमतीनं पाठवायचा, तर आधी संघटना हवी. त्या निकडीतून ३१ ऑक्टोबर १९२० ला मुंबईत ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस, म्हणजे आयटक उभी राहिली. अध्यक्ष लाला लजपतराय.

जोशींचा पिंड मोर्च्याचा नव्हे, अर्ज-आकड्यांचा. संप केल्याबद्दल पुढाऱ्यांवर खटले होऊ नयेत म्हणून १९२१ मध्ये त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात ठराव मांडला. कायदा व्हायला १९२६ उजाडलं. एवढा धीर कोकणातून पोटासाठी आलेल्या गिरणी कामगारानं कुठून आणायचा? मुंबईच्या गिरण्यांतला १९२८ चा संप सहा महिने चालला आणि कामगार कम्युनिस्टांच्या लाल बावट्याकडे लोटला. जोशींची युनियन मागे पडली. पुढच्या मार्चमध्ये डांगे, मिरजकर, निंबकर हे कम्युनिस्ट पुढारी मीरतच्या कटाच्या खटल्यात अडकले.

१९२९ च्या अखेरीस आयटकचं नागपूर अधिवेशन झालं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या सरकारी व्हिटले कमिशनवर बहिष्कार, जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेवर बहिष्कार, मॉस्कोकडे झुकलेल्या साम्राज्यशाहीविरोधी लीगशी जोडणी, असे ठराव आले. जोशी स्वतःच त्या कमिशनचे सभासद! ते, कामगार पुढारी व्ही. व्ही. गिरी आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले. १९३१ मध्ये कलकत्त्याला कम्युनिस्टही फुटले. मालकांना जे जमलं नाही, ते आपल्याच पुढाऱ्यांनी केलं, असं माझं स्पष्ट मत आहे. भांडण जिनिव्हा आणि मॉस्कोचं, पगारकपात सोसली परळ-लालबागनं.

तुटलेलं सांधायला १९४० उजाडलं. जोशी पुन्हा सरचिटणीस झाले, पण १९४७ मध्ये काँग्रेसवाल्यांनी इंटक ही वेगळी संघटना काढली, १९४८ मध्ये समाजवाद्यांनी हिंद मजदूर सभा. त्याच वर्षी जोशींनी आयटक सोडली. १९४५ मध्ये पॅरिसला मोठ्या उमेदीनं स्थापन झालेला जागतिक कामगार महासंघही १९४९ मध्ये दुभंगला.