शाळेच्या मैदानात घडलेला कराटे

हिंगोली जिल्ह्यात ओकिनावासारखी तीन बेटं सहज मावतील. जपानच्या दक्षिणेला समुद्रात पसरलेलं हे लांबट बेट जेमतेम १,२०० चौरस किलोमीटरचं. तिथल्या शुरी, नाहा आणि तोमारी या एकमेकांना खेटून असलेल्या तीन वस्त्यांमध्ये जी विद्या जमत गेली, ती आज हिंगोलीसारख्या जिल्ह्यातल्या सरकारी शाळांपर्यंत येऊन पोचली आहे. समग्र शिक्षा अभियानातून मुलींना स्वसंरक्षणाचे जे धडे मिळतात, त्यांत कराटे असतोच. मैदानात रांगा लागतात, ताईंचा आवाज येतो आणि वीस-पंचवीस मुठी एकदम पुढे जातात. ‘प्राचीन जपानी युद्धकला’ असं आपण त्याला म्हणून टाकतो. यातला ‘प्राचीन’ हा शब्द अर्धाच खरा आहे आणि ‘जपानी’ त्याहून कमी.

ओकिनावा हे मुळात र्‍युक्यू नावाचं स्वतंत्र राज्य. १४२९ साली तिथली तीन छोटी राज्यं एक झाली आणि शुरीच्या किल्ल्यातून कारभार सुरू झाला. या राज्याचं पोट भरायचं ते व्यापारावर. चीन, जपान, कोरिया, सयाम, मलाक्का, सगळीकडे त्यांची गलबतं जायची. नाहा बंदराशेजारी चिनी कुटुंबांची वसाहतच होती. १६०९ साली जपानच्या सात्सुमा सरदारांनी हे राज्य जिंकलं, तरी चीनशी नातं तुटू दिलं नाही. व्यापाराचा फायदा त्यांनाही हवाच होता. म्हणजे जवळपास पावणेतीनशे वर्षं हे चिमुकलं राज्य दोन धन्यांच्या मध्ये उभं होतं. १८७९ मध्ये जपानने ते पूर्ण गिळलं. कराटे घडला तो या दोन दारांच्या घरात.

घडला कसा, याचे कागद मात्र फार थोडे. आपल्याकडे कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला आणि त्यात मल्लांच्या कुस्तीवर स्वतंत्र प्रकरण घातलं. त्या काळी मराठवाडाही चालुक्यांच्याच राज्यात होता. ओकिनावाकडे असं काही नाही. १७६२ साली त्यांचं एक जहाज वादळात भरकटून जपानच्या तोसा प्रांताला लागलं. तोबे र्‍योएन या तिथल्या पंडिताने खलाशांना आणि अधिकाऱ्यांना बसवून त्यांच्या देशाची माहिती विचारली आणि लिहून काढली. त्या टिपणांत ओझरता उल्लेख येतो: चीनहून कुसांकु नावाचा माणूस काही शिष्यांसह आला होता, अंगाने किरकोळ, पण एक हात छातीशी धरून दुसऱ्या हाताने आणि पायांनी असा लढायचा की धिप्पाड माणूस आडवा व्हायचा. बस्स, एवढंच. एका वादळाने एक जहाज चुकलं नसतं तर हेही हाती लागलं नसतं. कराटेतल्या एका लांबलचक, अवघड काताला आजही कुसांकुचंच नाव आहे. काता म्हणजे ठरलेल्या हालचालींची साखळी. जिथे पोथी नव्हती तिथे पाठांतर शरीराने केलं.

पण चीनहून कुणी येण्याआधीही बेटावरचे लोक झुंजत होतेच. तेगुमी नावाची त्यांची कुस्ती होती. त्यात ठोसा नाही, लाथ नाही, फक्त धरणं, पाडणं, दाबून ठेवणं. फुनाकोशी गिचिन या थोर कराटेगुरूंनी लहानपणी खेळलेल्या तेगुमीबद्दल आत्मचरित्रात लिहिलं आहे, आणि कराटेचं एक मूळ तिथे असावं असा त्यांचा अंदाज होता. ओकिनावातली सुमो कुस्ती तर अजून जिवंत आहे. जपानच्या सुमोत रिंगणाबाहेर पाय पडला की हार. ओकिनावात तसं चालत नाही. तिथे पाठ जमिनीला लावावी लागते. आपल्या जत्रेतल्या फडाचा हाच नियम! चितपट झाल्याशिवाय निकाल नाही. दोन ठिकाणांचा काडीमात्र संबंध नसताना दोन्हीकडची माणसं विजयाच्या याच खुणेपाशी पोचली, हे मला अद्भुत वाटतं.

तसंच चिइशीचं. लाकडी दांड्याच्या टोकाला दगड बसवलेलं हे कराटेचं जुनं साधन. मनगट आणि खांदे घडवायला ते फिरवतात. तालमीतली गदा पाहिलेल्या माणसाला ते ओळखीचं वाटल्याशिवाय राहणार नाही. याच बळावर काहीजण कराटेची नाळ थेट भारताशी जोडतात. बोधिधर्म इथून चीनला गेला आणि शाओलिनच्या भिक्षूंना लढायला शिकवलं, ही कथा सांगताना आपला ऊर भरून येतो. पण त्याला व्यायामविद्येचा जनक ठरवणारा चिनी ग्रंथ सतराव्या शतकातला आहे, म्हणजे त्याच्यानंतर हजारेक वर्षांचा. ओकिनावाच्या लोकांनी जे स्वतः कमावलं त्याचं श्रेय त्यांनाच द्यावं, असं मला ठामपणे वाटतं.

शस्त्रबंदी झाली म्हणून शेतकऱ्यांनी रिकाम्या हाताची विद्या शोधली, ही गोष्टही अशीच लाडकी. प्रत्यक्षात ज्यांची नावं आपल्याला कळतात ते बहुतेक शुरीच्या दरबारातले मानकरी होते. मात्सुमुरा सोकोन राजाचे अंगरक्षक होते आणि ते सात्सुमाची तलवारविद्याही शिकले होते. नाहाचे हिगाओन्ना कानर्‍यो चीनमधल्या फूजो शहरात राहून शिकून आले. त्यांच्या सांचिन कातात पावलं मोजकीच, पण श्वास आणि अंगातला ताण असा आवळलेला की बघणाऱ्यालाही धाप लागावी.

आणि मग येतात मात्सुमुरांचे शिष्य इतोसु आंको. ही विद्या तोवर गुपचूप दिली जायची, अंगणात, रात्री, एका गुरूकडून एका-दोघा शिष्यांना. १९०१ च्या सुमारास इतोसुंनी ती शुरीच्या प्राथमिक शाळेत आणली. मुलांसाठी घातक डाव झाकले, पिनान नावाचे पाच सोपे काता बांधले, त्यांत कुसांकुचे तुकडे ओवले. रांगेत उभं राहून, आकड्यांच्या ठेक्यावर सगळ्यांनी एकदम करायचा कराटे तो हा. पांढरा पोशाख आणि पट्टे तर पुढे ज्युदोकडून आले.

१९०८ मध्ये इतोसुंनी शिक्षणखात्यासाठी एक पत्र लिहिलं. अध्यापक विद्यालयातल्या विद्यार्थ्यांना ही विद्या शिकवा, ते गावोगावच्या शाळांत जाऊन मुलांना शिकवतील आणि दहा वर्षांत ती बेटाबाहेर, जपानभर पसरेल, असा त्यांचा हिशेब होता. थोडा उशीर झाला. १९२२ साली टोकियोतल्या क्रीडा प्रदर्शनात कराटे दाखवायला फुनाकोशी गेले. इतोसुंचे ते शिष्य, आणि नोकरी प्राथमिक शाळेतल्या मास्तरकीची.