सुरतेचे वैभव आणि लुटता न येणारे धन

सुरतेचे नाव घेताच मराठी मनाला जानेवारी १६६४ मधील छत्रपती शिवाजी महाराजांची स्वारी आठवते. त्या काळी सुरत हे मोगल साम्राज्याचे अत्यंत संपन्न बंदर होते. तेथील विरजी व्होरा हे ईस्ट इंडिया कंपनीलाही कर्ज देत. त्यांची संपत्ती सुमारे ८० लक्ष रुपये असल्याचा अंदाज त्या काळी वर्तवला जात असे. या स्वारीत त्यांचा वाडा लुटला गेला आणि जाळला गेला.

१. धनिकाच्या घरातील विरक्त

स्थानकवासी जैन परंपरेनुसार लवजी ऋषी हे याच विरजी व्होरांचे नातू, म्हणजे कन्या फुलाबाई यांचे पुत्र. आजोळच्या ऐश्वर्याकडे पाठ फिरवून त्यांनी मुनिदीक्षा घेतली. पुढे यतींच्या आचारातील शैथिल्य न पटल्याने त्यांनी अधिक कठोर व्रते स्वीकारली. स्थानकवासी संप्रदायाच्या आद्य पुरुषांत त्यांची गणना होते.

२. मार्ग भिन्न, निदान एक

याच शतकात देहू येथे संत तुकाराम महाराजांनी वडिलोपार्जित सावकारीच्या कर्जखतांपैकी अर्धी धाकटे बंधू कान्होबा यांना दिली आणि स्वतःच्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. जैन दर्शन जगत्कर्ता ईश्वर मानत नाही. विशुद्ध आत्मा हाच त्याच्या दृष्टीने परमात्मा. तुकोबांचा विठ्ठल मात्र सगुण, भक्ताच्या हाकेला धावणारा. तरीही धनाने जीव तृप्त होत नाही, हे दोघांनीही ओळखले. बृहदारण्यक उपनिषदातील मैत्रेयीनेही याज्ञवल्क्यांना हेच विचारले होते : धनाने भरलेली सारी पृथ्वी मिळाली, तरी त्यायोगे अमरत्व लाभेल का ? त्यांचे उत्तर नकारार्थी होते.

३. गृहस्थाने काय करावे ?

धन मिळवताना कष्ट, राखताना चिंता आणि गमावताना दुःख असते. कारण त्याचे सुख बाह्य वस्तूवर अवलंबून आहे. भगवंताच्या अनुसंधानातून येणाऱ्या समाधानाला अशी तिजोरी लागत नाही. याचा अर्थ धन निषिद्ध आहे, असा नव्हे. तुकोबांनी अखेरपर्यंत संसार सोडला नाही. भावाचा वाटा त्यांनी भावाला दिला आणि स्वतःचा हक्क तेवढा सोडला. त्यामुळे ऋणकोही मुक्त झाले. गृहस्थाने सचोटीने कमवावे, कर्तव्यापुरते राखावे, गरजवंताला द्यावे आणि मन मात्र ईश्वरचरणी ठेवावे. मग संपत्ती आली वा गेली, तरी जगण्याचा आधार ढळत नाही.