वाजणारा टॅपेट बरा

आगाशीचं नाव काढलं की जुन्या माणसांना वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी आठवते. इतिहास त्याहून मागे जातो. सोळाव्या शतकात इथे जहाजं बांधली जात आणि पोर्तुगिजांनी हे बंदर जाळलं. आता आगाशीवरून जाणाऱ्या विरार स्टेशन ते अर्नाळा या वाटेवर दिवसभर रिक्षा आणि टेंपो धावतात. त्यांची इंजिनं बांधणाऱ्यांवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं. मला खिळवून ठेवलं ते सिलिंडर हेडमधल्या एका कड्यानं.

त्याला व्हॉल्व्ह सीट म्हणतात. बंद होताना व्हॉल्व्ह टेकतो ती पट्टी जेमतेम दीड मिलिमीटर रुंद. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा तिच्यावर येऊन बसतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ७०० अंशांच्या वर तापतो आणि त्याची बहुतेक उष्णता या पट्टीतूनच हेडमध्ये उतरते. टेकण्यात फट राहिली की कॉम्प्रेशन जातं आणि व्हॉल्व्हची कड जळते.

मी ज्यांचं काम पाहिलं ते मिस्त्री सीटकडे सगळ्यात शेवटी वळतात. आधी गाइडमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळीत, ती दांडी घालून हलवून बघतात. कटरचा पायलट याच गाइडमध्ये बसतो. ते ढिलं असेल तर सीट वाकडीच कापली जाणार. मग ४५ अंशांचा कटर. पट्टी रुंद झाली, तर वरून ३० आणि खालून ६० अंशांचा कटर लावून ती हव्या रुंदीत, हव्या जागी आणायची. अर्धा फेरा, की कटर उचलून बघायचं. नंतर घासायची दाणेदार पेस्ट लावून रबरी चोखणीची काठी तळहातांमध्ये रवीसारखी फिरवायची. पेस्ट पुसली की सीटवर सलग राखाडी वर्तुळ दिसलं पाहिजे. व्हॉल्व्ह स्प्रिंगसकट बसवून पोर्टमध्ये रॉकेल ओततात; खाली थेंब आला की पुन्हा पहिल्यापासून.

‘‘कापायला कोणीही कापेल. थांबायचं कुठे ते कळायला पाहिजे,’’ मिस्त्री म्हणाले.

प्रत्येक कापणीबरोबर व्हॉल्व्ह हेडमध्ये थोडा खोल जातो आणि त्याची दांडी तेवढी वर येते. टॅपेटचं क्लिअरन्स, म्हणजे दांडीच्या टोकाशी ठेवलेली मोकळी फट, कमी होतं. वापरात सीट झिजली तरी हेच घडतं. बाकीचे भाग झिजले की खडखडतात, सीट झिजली की उलट टॅपेटचा आवाज मावळतो. इंजिन गुळगुळीत चालतंय म्हणून मालक खूश असतो आणि एक दिवस क्लिअरन्स संपतं. मग व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही. गरम वायू फटीतून निसटत राहतो आणि व्हॉल्व्ह जळतो.

गॅसवरच्या गाड्यांत हे लवकर होतं. पूर्वी पेट्रोलमधल्या शिशाच्या संयुगांचा पातळ थर सीटवर बसायचा आणि धातूला धातू चिकटू देत नसे. २००० साली देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं आणि तो थर गेला. पेट्रोलच्या ओल्या थेंबांमुळे मिळणारा थोडा गारवा होता, तोही कोरड्या सीएनजीत नाही. डिझेलमध्ये निदान काजळीचा थर तरी सीटवर बसतो. म्हणून पेट्रोलसाठी घडवलेलं इंजिन गॅसवर चालवायचं, तर सीट कडक धातूची लागते.

सीट बदलणं हे कापण्याहून जोखमीचं. जुनं कडं काढून घर बोअर करायचं. नवं कडं घरापेक्षा मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजावं इतकंच मोठं. हेड तापवायचं, कडं गार करायचं आणि एका दमात बसवायचं. माप चुकून ते चालत्या इंजिनात सुटलं, तर पिस्टनही जातो. आता एका फिरकीत तिन्ही कोन कापणारी यंत्रं आली आहेत आणि काही गॅरेजं सरळ नवं हेड टाकतात. बॅटरीवरच्या रिक्षाला तर हेडच नसतं. तिच्याशी भांडण नाही. पण गॅसवरची रिक्षा अजून पुष्कळ वर्षं धावणार आहे आणि तिचा मालक हप्ता भरून थकलेला असतो. त्याला नवं हेड परवडत नाही. सीट कुठवर कापायची हे जाणणारा माणूस जवळपास उरला नाही, तर भुर्दंड त्यालाच. मिस्त्रींकडे शिकायला सध्या कोणी नाही. तोवर ते प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावतात: टॅपेट गप्प झाला की आनंद मानू नका, फीलर गेज घालून फट मोजून बघा.