जसे गिऱ्हाईक, तसा ऑनलाइन कार्यक्रम

घाऊक व्यापारी दुकानात आला की आपण त्याला गादीवर बसवून चहा मागवतो. फुटकळ गिऱ्हाइकाला उभ्या उभ्या माल दाखवतो. काम शिकायला आलेल्या पोराला थेट कारखान्यात नेतो. ऑनलाइन कार्यक्रम करताना मात्र हाच साधा व्यवहार आपले अनेक बंधू विसरतात. एकदा 'लाइव्ह' केले की सर्व प्रकारचे गिऱ्हाईक येईल, असा समज असतो. हा समज महागात पडतो.

मिरजेच्या तंतुवाद्यांचे उदाहरण घेऊ. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब सितारमेकर यांनी ही कला तेथे रुजवली आणि शिकलगार घराण्यांनी ती जपली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. नाव झाले, पण लंडन-दुबईच्या वादकाला मिरजेस येणे नेहमी जमत नाही. वाद्याचा खरा आवाज त्याच्यापर्यंत कसा पोचवावा, हा प्रश्न आहे.

एकटा खरेदीदार : येथे सौदा जवारीवर होतो. त्यामुळे समोरासमोर बोलणे, म्हणजे एकट्याचा व्हिडिओ कॉल, हाच मार्ग. पण सावधान! ही अ‍ॅप्स बोलण्यासाठी बनलेली आहेत. तंबोऱ्याचा अखंड नाद त्यांना पंख्याची घरघर वाटू शकते आणि ती तो दाबून टाकतात. उत्तम वाद्य मुके ठरते आणि कारागिराचा दोष नसताना सौदा मोडतो. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' ही सोय आहे, ती सुरू करावी. शिवाय चांगल्या माइकवर केलेले ध्वनिमुद्रण आधीच पाठवून ठेवावे.

घाऊक व्यापारी : पाच-सात दुकानदारांची बंद बैठक घ्यावी. दरपत्रक आदल्या दिवशी पाठवावे. झूमच्या फुकट खात्यावर ४० मिनिटे मिळतात, तेवढी पुरेत. या बैठकीत किरकोळ गिऱ्हाईक बसवू नये. घाऊक भाव एकदा फुटला की दोन्हीकडचे गिऱ्हाईक नाराज होते.

शिकणारे : त्यांना हात दिसले पाहिजेत. एक फोन चेहऱ्यावर, दुसरा घोडीवर ठेवावा. माणसे पंधरा-वीसच घ्यावीत, म्हणजे प्रत्येकाला प्रश्न विचारता येईल. मुद्रण यूट्यूबवर ठेवल्यास उशिरा येणाऱ्यालाही उपयोग होतो.

सर्वसामान्य प्रेक्षक : 'लाइव्ह' खरे यांच्यासाठी. भोपळा कसा कापतात, तारा कशा चढवतात, हे थोडक्यात दाखवावे. मात्र २०२५ मध्ये इन्स्टाग्रामने लाइव्हसाठी सार्वजनिक खाते व किमान १००० फॉलोअर ही अट घातली आहे. लाइव्हमध्येच माल विकण्याची सोय फेसबुकने ऑक्टोबर २०२२ मध्ये व इन्स्टाग्रामने मार्च २०२३ मध्ये बंद केली. तेव्हा ऑर्डर व आगाऊ रक्कम घेण्याची व्यवस्था वेगळी हवी.

वेळेचा हिशेबही गिऱ्हाइकाच्या घड्याळाने करावा. दुबई आपल्या दीड तास मागे आहे. लंडन उन्हाळ्यात साडेचार, हिवाळ्यात साडेपाच तास. अमिरातीत २०२२ पासून सरकारी सुट्टी शनिवार-रविवार व शुक्रवारी अर्धा दिवस आहे; सौदीत मात्र शुक्रवार-शनिवार. जुम्याची वेळ आणि रमजानात इफ्तार-तरावीहची वेळ टाळावी.

शेवटचे एक. कॅमेऱ्यापुढे दाखविलेले वाद्यच पेटीत गेले पाहिजे. लाकडावर डाग वा सांधा असेल तर तोही जवळून दाखवावा. दुकानात गिऱ्हाईक माल हाताळून विश्वास ठेवते. येथे ते केवळ आपल्या शब्दावर पैसे पाठवते. हा शब्द एकदा गेला तर कोणताही कार्यक्रम तो परत आणू शकत नाही.