कमी दिसतं तेच आधी संपतं?

१०० मिलिलिटर व्हिनेगरमध्ये १० ग्रॅम खाण्याचा सोडा टाकला, तर आधी काय संपेल? बहुतेक जण सोडा म्हणतील, कारण व्हिनेगर त्याच्या दहापट आहे. प्रत्यक्षात फेस बसल्यावर सुमारे ३ ग्रॅम सोडा पाण्यात विरघळून शिल्लक राहतो. खात्री करायची तर वरून चमचाभर ताजं व्हिनेगर टाका, पुन्हा फसफसेल.

५ टक्क्यांच्या व्हिनेगरमध्ये अ‍ॅसिटिक आम्ल असतं ५ ग्रॅम. बाकी पाणी, आणि ते इथे नुसतं बघ्याचं काम करतं. आम्लाचा एक मोल ६० ग्रॅमचा, सोड्याचा ८४ ग्रॅमचा आणि अभिक्रिया एकास एक. म्हणजे ५ ग्रॅम आम्लाला ७ ग्रॅम सोडा लागतो. १० ग्रॅम घातला की आम्ल संपतं, सोडा उरतो. आम्ल संपल्यावर अख्खा डबा रिकामा केला तरी वायूचा एक जादा बुडबुडा निघणार नाही.

‘मग वजन आम्लाचंच कमी होतं की!’ बरं, आता सोडा ६ ग्रॅम घ्या. आम्लापेक्षा तो वजनाने जास्त, तरी या वेळी तोच आधी संपतो, कारण गरज ७ ग्रॅमची आहे. आधी संपून अभिक्रिया थांबवणारा, म्हणजे मर्यादाकारी अभिक्रियाकारक असणं हा पदार्थाचा गुणधर्म नाही. तो त्या-त्या वेळच्या मापांचा निकाल असतो.

ग्रॅमचा मोह सुटला की मुलं मोलच्या नादी लागतात: ज्याचे मोल कमी, तो मर्यादाकारी. हेही चूक. अमोनिया बनवताना नायट्रोजनच्या एका मोलला हायड्रोजनचे तीन लागतात. २ मोल नायट्रोजन आणि ५ मोल हायड्रोजन घेतले, तर नायट्रोजनला ६ मोल हायड्रोजन हवा, आहे ५. संख्येने जास्त असलेला हायड्रोजनच तोकडा पडतो. प्रत्येकाच्या मोलला समीकरणातल्या त्याच्या सहगुणकाने भागा, ज्याचं उत्तर लहान तो मर्यादाकारी. समीकरण संतुलित केलेलं नसेल तर मात्र सगळंच मुसळ केरात.

या गणितातून येणारं उत्पादन ही कमाल मर्यादा असते, हमी नव्हे. अमोनियाची अभिक्रिया उलटही चालते, त्यामुळे कारखान्यात एका फेरीत वायूंचा थोडाच भाग अमोनियात बदलतो. उरलेला पुन्हा आत फिरवतात.

जादा पदार्थ म्हणजे नासाडी, ही समजूतही सोडून द्यावी. कित्येकदा तो मुद्दामच जादा ठेवतात. स्वयंपाकाच्या गॅसमधल्या ४४ ग्रॅम प्रोपेनला पुरतं जळायला १६० ग्रॅम ऑक्सिजन लागतो. बर्नरला हवा भरपूर मिळाली तर ज्योत निळी राहते, कारण संपायचा तो गॅस संपतो. हवेची भोकं तुंबली की ज्योत पिवळी पडते आणि भांड्यांची बुडं काळी होतात. कार्बनला पुरेसा ऑक्सिजन मिळत नसल्याचं ते लक्षण.

बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरचा धोका हाच. तिथे ऑक्सिजन अपुरा पडला की गॅस जळायचा थांबत नाही. कार्बन डायऑक्साइडऐवजी कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो, आणि त्याला ना रंग असतो, ना वास.