फोरट्रानमधील फंक्शनचे इनलायनिंग : कंपायलर-निर्देशांद्वारे नियंत्रण

आयबीएमने १९५७ मध्ये उपलब्ध करून दिलेली फोरट्रान ही भाषा भौतिकशास्त्र, हवामानशास्त्र व अभियांत्रिकी या शाखांतील संशोधनात आजही वापरली जाते. या भाषेतील छोटे फंक्शन कंपायलर पुष्कळदा स्वतंत्र ठेवत नाही; जेथे ते बोलावले असेल तेथेच त्यातील आज्ञा उतरवून घेतो. यास इनलायनिंग म्हणतात. त्यामुळे प्रोग्रॅमचा वेग वाढतो हे सर्वश्रुत आहे. परंतु त्यामुळे उत्तरही बदलू शकते, या बाजूकडे फारसे लक्ष दिले जात नाही. प्रस्तुत लेखात मुख्यतः तिचाच विचार केला आहे.

एक उदाहरण घेऊ. 'गुणाकार' हे फंक्शन अ चा वर्ग काढते व मुख्य प्रोग्रॅम त्यात क मिळवतो. दुहेरी अचूकतेत अ = १ + २⁻²⁷ आणि क = −(१ + २⁻²⁶) मानू. अ चा खरा वर्ग १ + २⁻²⁶ + २⁻⁵⁴ असा आहे. फंक्शन स्वतंत्र असल्यास परत येणाऱ्या मूल्याचे पूर्णांकन होऊन शेवटचे पद गळते व उत्तर शून्य येते. इनलायनिंग झाल्यास मात्र गुणाकार व बेरीज एकत्र करणारी एफएमए ही आज्ञा वापरली जाऊ शकते. तीत पूर्णांकन एकदाच, शेवटी होते. म्हणून उत्तर २⁻⁵⁴, म्हणजे सुमारे ५.५५ × १०⁻¹⁷ येते. (पडताळा घेताना दोन्ही मूल्ये प्रोग्रॅम चालू असताना वाचून घ्यावीत, अन्यथा कंपायलर ती आधीच सोडवून टाकेल.) फरक नगण्य भासतो, पण पुढील ओळीत या उत्तराने भागाकार असेल, किंवा ते शून्य आहे काय अशी अट असेल, तर प्रोग्रॅमचा मार्गच बदलतो.

सी भाषेप्रमाणे 'इनलाइन' हा शब्द फोरट्रानच्या मानकात नाही. म्हणून कंपायलर-निर्माते टिप्पणीच्या रूपात निर्देश देण्याची सोय करतात. इंटेलच्या कंपायलरमध्ये '!डीआयआर$ ॲट्रिब्यूट्स नोइनलाइन :: गुणाकार' असे लिहिल्यास इनलायनिंग थांबते; 'फोर्सइनलाइन' लिहिल्यास शक्य तेथे ते केलेच जाते. जीफोरट्रानमध्ये 'नोइनलाइन'साठी '!जीसीसी$' हा आरंभ आहे. सक्तीच्या इनलायनिंगचा निर्देश मात्र त्याच्या दस्तऐवजांत दिलेला नाही. उद्गारचिन्हामुळे अन्य कंपायलर या ओळी टिप्पणी समजून सोडून देतात. ही सोय तशीच अडचणही आहे, कारण निर्देश पाळला गेला नाही याची सूचना मिळेलच असे नाही.

'फोर्सइनलाइन' सरसकट वापरणे इष्ट नाही. त्याने प्रोग्रॅमचा आकार फुगतो. खरा लाभ लूपच्या आत वारंवार येणाऱ्या छोट्या फंक्शनपुरता असतो, कारण इनलायनिंगनंतर कंपायलरला त्या लूपचे व्हेक्टरीकरण करता येते. फंक्शन दुसऱ्या फाइलमध्ये असल्यास आंतर-फाइल ऑप्टिमायझेशनचा पर्यायही द्यावा लागतो.

याउलट, दोन संगणकांवर निष्कर्ष जुळत नसतील तेव्हा 'नोइनलाइन' उपयुक्त ठरते. संशयित फंक्शनला तो निर्देश देऊन पाहावा. फरक नाहीसा झाल्यास शोधाची दिशा मिळते. मूळ कारण एफएमए असल्याचे दिसल्यास जीफोरट्रानमध्ये '-एफएफपी-कॉन्ट्रॅक्ट=ऑफ' हा पर्याय देणे अधिक सरळ होय.